मांडवीचे मॉडेल : भरती आमोण्याला पोचेपर्यंत दमते का?

माशेलकरीण (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

एम.टेक.चे शेवटचे सत्र चालू आहे. प्रबंधाचा विषय आहे गोव्यातल्या मांडवी आणि जुवारी या नद्या आणि दोघींना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा यांत पाणी कसे फिरते त्याचे संगणकी मॉडेल. विषय मीच हट्टाने मागून घेतला, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही. मार्गदर्शक सर काँक्रीटमधले. माणूस भला, पण पाण्याचा प्रश्न नेला की म्हणतात, "बघ बाई, नेटवर कुणाला तरी विचार." म्हणून इथे आले.

हट्टाचे कारण आजोबा. आमची थोडी खाजन शेती होती, म्हणजे खाडीकाठची, बांदाच्या आत. बांदात मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची झडप, तिची लाकडी दारे भरती चढू लागली की आपोआप मिटायची आणि ओहोटीला आतले पाणी ढकलून उघडायची. लहानपणी मी मानशीवर पाय सोडून बसायचे आणि दारांना वेळ कोण सांगतो म्हणून आजोबांना छळायचे. आता तेच संगणकाला विचारते आहे आणि तो धड उत्तर देत नाही.

मी काय केले ते सांगते. सॉफ्टवेअर डेल्फ्ट-थ्रीडी, कारण ते फुकट मिळते. सगळीकडे १०० मीटरचे चौकोनी ग्रिड. खोलीचा एकच थर, म्हणजे टू-डी. मुखाजवळची खोली नौकानयनाच्या चार्टवरून घेतली. चार्ट जिथे संपतो तिथून वर मावसभावाची होडी आणि उसना मागून आणलेला फिश-फाइंडर (मासेमारीतले खोली दाखवणारे यंत्र). दोन शनिवार-रविवार आम्ही आडवेतिडवे फिरत खोल्या लिहून घेतल्या. समुद्राकडची बाउंड्री अग्वाद ते मुरगाव अशी सरळ रेघ, तिच्यावर भरती दिली ती जागतिक भरती-नकाशातून. नदीकडून एप्रिलमधला बारीक प्रवाह. पडताळ्याला दोन गोष्टी आहेत : मुरगावचे भरतीपत्रक, आणि मांडवीवर बरेच आत, आमोण्याच्या पुलाखाली मी स्वतः रोवलेला रंगवलेला बांबू. त्यावर दर अर्ध्या तासाला पाणी वाचले, १५ दिवस, रात्रीसुद्धा. रात्रपाळीला मावसभाऊ आणि थर्मास.

आता अडचणी.

मुरगावला पहिला आलेख काढला तर तो चक्क उलटा. पत्रकात भरती तेव्हा मॉडेलमध्ये ओहोटी. चिन्हाची चूक असेल म्हणून बाउंड्रीला उणे लावले. बरेचसे जुळले, पण भरती अजून ४० मिनिटे उशिरा येते.

आमोण्याला माझ्या बांबूवर पौर्णिमेच्या उधाणाला साधारण दोन मीटरचा फरक दिसला होता. मॉडेलमध्ये १.३ मीटर. म्हणजे भरती वाटेतच दमते. मग तळाचे घर्षण कमी करत गेले. मॅनिंगचा आकडा (तळ जितका खडबडीत तितका मोठा) ०.०२५ वरून ०.०१२ वर आणला तेव्हा कुठे १.६ झाले, पण आता पणजीसमोरचा प्रवाह भलताच जोरात पळतो आहे.

आणि मीठ. पूर्ण खाडीत गोडे पाणी भरून सुरुवात केली आणि खारटपणा स्थिर व्हायची वाट बघते आहे. ६० दिवसांचा रन झाला, आमोण्याचा आकडा रोज थोडा थोडा चढतोच आहे. स्थिर व्हायला किती दिवस चालवू? लॅपटॉपवर ६० दिवसांना दोन रात्री लागतात, आणि पंख्याचा आवाज ऐकून आई विचारते की ह्याला दमा झालाय का.

तिन्ही आलेख जोडले आहेत, उलटा आलेला पहिलासुद्धा. हसू नका.

---

बार्जवाले काका

हसत नाही. मला मॉडेल-बिडेल कळत नाही, पण ३० वर्षे ह्या पाण्यात बार्ज हाकली, त्यामुळे तो उलटा आलेख जरा निरखून बघितला.

तरुणपणी मालवणकडच्या एका तांडेलाने शिकवले होते : तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ मिळेल. अष्टमी म्हणजे आठ, त्याची पाऊणपट सहा. सकाळचे सहा आणि संध्याकाळचे सहा. हा हिशोब मुंबईकडचा. आपल्याकडे मुरगावात भरती त्याच्या आधीच लागते, म्हणून मी अष्टमीला पाचच्या आसपास धरतो. तुझ्या उलट्या आलेखात अष्टमीची भरती कधी आहे? रात्री साडेअकरा-बारा आणि दुपारी बारा! अष्टमीला भर दुपारी बाराला भरती मी जन्मात पाहिली नाही.

तेव्हा चिन्ह-बिन्ह राहू दे. घड्याळ बघ. कुठल्या देशाचे लावलेयस?

---

खडकवासल्याचा म्हातारा

काकांना दंडवत. माझे अर्धे उत्तर त्यांनी पाऊणपटीत दिले.

जागतिक भरती-नकाशांतले फेज, म्हणजे भरती कधी येते ते सांगणारे आकडे, ग्रिनिचच्या वेळेवर दिलेले असतात. म्हणजे तुझे मॉडेल ग्रिनिचच्या वेळेत चालले आहे आणि भरतीपत्रक तू भारतीय वेळेत वाचते आहेस. साडेपाच तासांचा घोळ. मुख्य चांद्र भरतीचा, ज्याला आम्ही एम-टू म्हणतो, फेरा असतो १२ तास २५ मिनिटांचा. अर्धा फेरा ६ तास १२ मिनिटांचा. साडेपाच तास त्याच्या इतके जवळ आहेत की आलेख उलटाच दिसणार. तू उणे लावलेस म्हणजे नकळत ६ तास १२ मिनिटे सरकवलेस, हवे होते साडेपाच. उरले ४२ मिनिटे. हाच तुझा 'उशीर'.

उणे चिन्हाला एम-टू फसतो, पण दिवसातून एकदा येणारा के-वन फसत नाही. त्याचा फेरा जवळजवळ २४ तासांचा, त्यामुळे साडेपाच तास म्हणजे पाव फेऱ्याच्या आसपास. त्याला उणे लावलेस की तो भलतीकडेच जाऊन पडतो. गोव्याच्या किनाऱ्यावर रोजच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, त्या याच्यामुळे. तुझ्या 'जुळलेल्या' आलेखात दोन भरत्यांतली मोठी कोणती आणि पत्रकात कोणती, एवढेच ताडून बघ. तुझे तुला कळेल.

आणखी एक. उशीर मुरगावला होता, म्हणजे बाउंड्रीच्या दारातच. दारातल्या उशिराला घरातले घर्षण जबाबदार कसे? घर्षणाचा खेळ पाणी आत शिरल्यावर सुरू होतो. मुखाशी चूक दिसली की आधी वेळ, मग पातळीचा शून्य, मग बाउंड्रीची जागा, हा क्रम आम्हाला साहेबांनी शिव्या घालून शिकवला होता. घर्षणाला हात शेवटी लावायचा. मॅनिंग ०.०१२ म्हणजे घोटून गुळगुळीत केलेला सिमेंटचा पाट. मांडवीच्या तळाला फरशी बसवलीस का?

आता आमोणे. माझा संशय पातळीच्या शून्यावर आहे. चार्टवरची खोली चार्ट डेटमपासून मोजलेली असते, म्हणजे पाणी सहसा ज्याच्या खाली उतरत नाही अशा पातळीपासून. जहाजाच्या कप्तानाला वाईटात वाईट काय ते हवे असते. मॉडेलचा शून्य मात्र सरासरी समुद्रपातळी. मुरगावला या दोहोंत सुमारे १.३ मीटरचे अंतर आहे. ते मिळवलेस का? नसशील, तर सरासरी पाचेक मीटर खोलीच्या नदीतून तू सव्वा मीटर पाणी काढून घेतलेस. उथळ पाण्यात घर्षण जास्त, आणि लाटही हळू. खोलीला गुरुत्वाकर्षणाने गुणून वर्गमूळ काढ : पाच मीटरला सेकंदाला सात मीटर, पावणेचार मीटरला सहा. भरती दमणार आणि रेंगाळणारही.

वरच्या टापूत फिश-फाइंडरने मोजलेल्या खोल्यांचे काय केलेस? त्या त्या घटकेच्या पाण्यापासूनच्या. सकाळी भरतीत मोजलेली जागा आणि दुपारी ओहोटीत मोजलेली जागा यांत तिथे दोन मीटरची तफावत पडू शकते. मोजणीच्या वेळा लिहिल्या असशील आणि बांबू तेव्हा रोवलेला असेल, तरच त्या वाचतील.

तिसरा संशय ग्रिडवर. १०० मीटरचा चौकोन अग्वादला चालेल, पण वर गांज्याकडे नदीच तेवढी रुंद नाही. एक चौकोन रुंदीची नदी तिरकी वाहायला लागली की तिचे काठ जिन्यासारखे होतात, आणि पाणी प्रत्येक पायरीवर ठेचकाळते. हे खोटे घर्षण. नदीच्या वळणाबरोबर वळणारे ग्रिड घे, आणि रुंदीत निदान चार-पाच चौकोन बसव.

एवढा आटापिटा कशासाठी, तर मांडवी-जुवारीची खोडच अशी आहे की भरती आत दमत नाही. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी २००३च्या मार्च-एप्रिलमध्ये महिनाभर दोन्ही नद्यांत जागोजाग पाणी मोजले. मुखापासून चाळीसेक किलोमीटर आतपर्यंत भरतीची उंची जवळजवळ तेवढीच राहते आणि मग थोड्याच अंतरात झपकन ढासळते. कारण आकार. नदी नरसाळ्यासारखी आहे. मुखाशी किलोमीटरांत मोजायची रुंदी वर जाता जाता मीटरांत येते. आत शिरणारी लाट चिणली जाते, म्हणून उंच व्हायला बघते. घर्षण तिला खाली दाबते. दोघांची कुस्ती बरोबरीत सुटते. तुझ्या मॉडेलमध्ये घर्षणाला १.३ मीटरची लाच मिळाली, म्हणून ते जिंकले.

बाउंड्रीही जरा समुद्रात सरकव. तोंडावरच भिंत घातलीस तर आतून परतणारे पाणी तिच्यावर आदळत राहते. आणि चोडणच्या खारफुटीला ग्रिडमध्ये जागा दे. भरतीला तिथे पाणी पसरते, ओहोटीला परत येते. मानशीआडची खाजने धरू नकोस, पण बांद फुटून खाडीला मिळालेली धर.

(आमच्या काळी मॉडेल म्हणजे शेडमध्ये सिमेंटची खाडी. खडकवासल्याची आमची जलसंशोधन संस्था १९१६ सालची, मी अर्थातच त्यानंतरचा. मुंबई बंदराच्या मॉडेलवर रंगीत पाणी सोडून स्टॉपवॉच घेऊन उभा राहायचो. तिथे उणे चिन्ह लावायची सोय नव्हती.)

---

धुक्यातला नाना

म्हातारबांच्या कंसावरून आठवले म्हणून डोकावतो. मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ असतो. इथे सॉसलिटोला अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअरांनी १९५७ साली अख्ख्या उपसागराचे सिमेंटचे मॉडेल बांधले. जागा दीड एकर. आडवे माप हजारास एक, पण उभे शंभरास एक. उभेही हजारास एक ठेवले असते तर दहा मीटर पाणी एक सेंटीमीटरचे झाले असते, मग ते वाहणार काय. उभे माप ताणले की घर्षण मात्र कमी पडते, म्हणून तळाला तांब्याच्या पट्ट्या रोवल्या आहेत, झाडूच्या काड्यांसारख्या. मॅनिंगचा आकडा हाताने वाकवायचा! एक दिवस सुमारे १५ मिनिटांत उरकतो.

बांधले ते एका माणसाच्या योजनेपायी. जॉन रेबर म्हणून एक गृहस्थ होते, त्यांना उपसागरात दोन आडवे बांध घालून गोड्या पाण्याची तळी करायची होती. मॉडेलने दाखवून दिले की हे जमणार नाही. संशोधन २०००च्या सुमारास थांबले, कामे संगणकावर गेली. आता शाळेच्या सहली येतात. आईवडील इथे आले की मी त्यांना गोल्डन गेट पूल दाखवून झाल्यावर तिथे नेतो. बाबा तासभर भरती बघत बसले होते, आई बाहेर बाकावर.

धाग्याला उपयोग शून्य, पण राहवले नाही.

---

माशेलकरीण

काका, आजोबा (म्हातारा म्हणवत नाही), तुम्हा दोघांना साष्टांग.

ताडून बघितले. त्या आठवड्यात पत्रकात मोठी भरती सकाळची आहे आणि माझ्या 'जुळलेल्या' आलेखात संध्याकाळची. हे महिनाभर डोळ्यांसमोर होते! दोन रेषा एकमेकींवर बसल्यासारख्या वाटल्या की माणूस पुढचे बघतच नाही.

चार्टचे १.३ मीटर मिळवले नव्हते. फिश-फाइंडरच्या वेळा वहीत आहेत, कारण मावसभावाला तासाचे पैसे द्यायचे होते. पण पहिल्या शनिवार-रविवारी बांबू रोवलेला नव्हता, म्हणजे तेवढी मेहनत वाया. त्याला अजून सांगितले नाही.

नाना, उपयोग शून्य कसा? सरांना काड्या रोवलेला तळ दाखवला. पहिल्यांदाच ते माझ्या प्रबंधात रमले.

पण मिठाचे कुणीच बोलले नाही. किती दिवस चालवू?

---

शिंपली

मिठाचे मी बोलते, कारण माझी पीएच.डी. त्यातच नासली (शेवटी झाली, पण केस पिकले).

अगं, किती दिवस चालवू हा प्रश्नच मांडवीला लागू नाही. ती स्थिर होतच नाही.

'स्थिर होईपर्यंत चालवा' हे पुस्तकातले वाक्य बारमाही वाहणाऱ्या नद्यांच्या खाड्यांसाठी आहे. तिथे नदी मीठ सतत बाहेर ढकलते, भरती आत ओढते, आणि कुठेतरी तडजोड होते. आपल्याकडे वर्षाचे जवळजवळ सगळे पाणी जून ते ऑक्टोबरमध्ये येते. त्या काळात नदी मिठाला पार मुखाकडे रेटते. मग पाऊस थांबतो, नदी बारीक होते, आणि मीठ परत आत चालायला लागते. ऑक्टोबरपासून मेपर्यंत ते चालतच असते. बाहेर ढकलणारे कुणी उरलेले नसते, म्हणून त्याला थांबायचे कारणच नसते. मुक्कामाला पोचायच्या आत जून उजाडतो आणि सगळे परत धुऊन निघते. २००९ साली दोनापावलाच्याच संशोधकांनी ह्या खाड्यांना 'मान्सूनी' असा वेगळा वर्ग सुचवला तो ह्याचसाठी : खारटपणाचा समतोल इथे कधीच साधत नाही.

म्हणजे ६० दिवसांनंतरही तुझा आकडा चढत होता ही चूक नव्हती. तुझ्या मॉडेलने केलेली ती एकमेव बरोबर गोष्ट होती, आणि तू तिच्यावर रागावलीस.

चूक सुरुवातीत आहे. भरतीचा प्रवाह दोन-चार दिवसांत सुरुवात विसरतो, कारण घर्षण त्याची आठवण पुसते. मीठ विसरत नाही. सगळी खाडी गोडी धरून तू एप्रिलपासून निघालीस, म्हणजे मिठाचा सहा महिन्यांचा प्रवास पुसून त्याला मुखाशी नेऊन उभे केलेस. एप्रिलचा खारटपणा हवा असेल तर निघायचे पावसातून. ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू कर, नदीचा रोजचा खरा प्रवाह दे (गांज्याला केंद्रीय जल आयोगाचे मोजणी केंद्र आहे, सरांच्या सहीचे पत्र घेऊन जा), आणि तिथून एप्रिलपर्यंत ये.

ह्यात एक मेख आहे. पावसात तुझे एक-थरी मॉडेल चालणार नाही. तेव्हा वर गोडे पाणी बाहेर जाते आणि तळाशी खारे पाणी पाचरीसारखे आत घुसते. सरासरी काढलीस तर दोन्ही एकमेकांत मिसळून नाहीसे होतात. उन्हाळ्यात भरती सगळे घुसळून टाकते, वर-खाली फारसा फरक राहत नाही, म्हणून एप्रिलपुरते टू-डी चालते. तू निदान आठ-दहा थर घे. लॅपटॉपवर होणार नाही, विभागाचा सर्व्हर माग. आणि मीठ एकट्याने सोडू नकोस, घनतेचा परिणाम (खारे पाणी जड, गोडे हलके) चालू ठेव. तो बंद ठेवून मी तीन महिने घालवले होते. पाचर दिसेना म्हणून नदीलाच दोष देत होते.

आणि उधाण-भांगाकडे (पौर्णिमा-अमावास्येची मोठी भरती आणि अष्टमीच्या सुमाराची लहान) लक्ष ठेव. उधाणाला घुसळण जास्त, भांगाला कमी. पावसाच्या शेवटी ह्याने तळाच्या मिठाची चाल बदलते. पंधरवड्यातून एकदाच मोजलेस तर हे कळणार नाही.

---

बार्जवाले काका

शिंपलीताई जे म्हणतात ते आम्ही वेगळ्या भाषेत बोलायचो. पावसात रिकाम्या वेळी बादली टाकून वरचे पाणी घेतले तर अंघोळीला चालायचे. नांगराची साखळी वर ओढली की तिच्यावरून ओघळणारे पाणी मात्र खारट.

मुली, कालव्याचे काही लिहिले नाहीस. पावसात अग्वादच्या तोंडाशी वाळूचा बार धोक्याचा होतो, म्हणून खनिजाच्या बार्जी मांडवीतून कुंभारजुव्याच्या कालव्याने जुवारीत यायच्या आणि तिथून मुरगावला. त्यामुळे तो कालवा आम्हाला घरच्या ओसरीसारखा. भरती त्यात दोन्ही टोकांनी शिरते, मांडवीकडूनही आणि जुवारीकडूनही. मध्ये एक जागा येते जिथे दोन्ही पाणी समोरासमोर उभे राहते. इंजिन बंद केले तर बार्ज इकडे नाही की तिकडे नाही. तिथे गाळ बसतो. तुझ्या संगणकाला ती जागा सापडते का बघ. मला माहीत आहे ती कुठे आहे. मी आत्ता सांगणार नाही.

---

खडकवासल्याचा म्हातारा

काका, तुम्ही परीक्षक व्हायला हवे होते. असला प्रश्न प्रबंधाच्या तोंडीत कुणी विचारत नाही. विचारतात ते अचूकतेची टक्केवारी.

---

माशेलकरीण

दोन महिन्यांनी येते आहे. क्षमस्व. मधे चतुर्थी झाली, आणि सर्व्हर मिळवण्यात जे काही झाले ते लिहित नाही.

घड्याळ ग्रिनिचवरून काढले, उणे चिन्ह पुसले. मुरगावला आता पाच-सात मिनिटांचा फरक उरला आहे आणि मोठी भरती योग्य वेळी येते. खोल्यांत १.३ मिळवले. पहिल्या फेरीच्या खोल्या टाकून दिल्या आणि मावसभावाला परत होडीत बसवले (ह्या वेळी शहाळी माझ्याकडून). ग्रिड वळणावळणाचे केले. मॅनिंग परत ०.०२५, आणि त्याला नंतर हातही लावावा लागला नाही. आमोण्याला उधाणाला १.९ मीटर. बांबूवर दोन होते. पणजीसमोरचा प्रवाहही माणसात आला.

गांज्याला अजून रडते आहे. तिथला शेवटचा टापू आम्ही नीट मोजलाच नाही, खडक आहेत आणि होडीचा पंखा एकदा आपटला.

मिठाचा रन ऑगस्टपासून सुरू केला, दहा थर. सप्टेंबरमध्ये पाचर दिसली! वर जवळजवळ गोडे, तळाशी खारटपणा २०च्याही पुढे. चित्र आईला दाखवले, ती म्हणाली वरणावर तेल तरंगते तसे दिसते. उदाहरण उलटे नाही, बरोबरच आहे, हलके वर. आत्ता रन जानेवारीत आहे आणि आमोण्याचा आकडा चढतो आहे. ह्या वेळी मी त्याला चढू देते आहे.

काका, कालवा. मॉडेलमध्ये भरतीचे पाणी उभे राहते ती जागा मला बाणस्तारीच्या पुलापासून थोडी मांडवीच्या बाजूला मिळाली. उधाणाला आणि भांगाला ती सरकते, पण फार नाही. नकाशा जोडला आहे, लाल गोल.

---

बार्जवाले काका

नकाशा नातवाने मोठा करून दाखवला.

गोल बरा आहे. जरासा जुवारीकडे सरकव, दोन बार्जी लांबीने. आणि कालव्याची खोली तू कधी मोजलीस ते सांग. २०१२ला खाणी थांबल्या, तेव्हापासून तिथे पूर्वीसारखी ये-जा राहिली नाही. आमच्या पंख्यांनी ढवळला जाणारा गाळ आता बसला असणार. जुन्या चार्टावरची खोली घेतली असशील तर तुझा कालवा माझ्या वेळचा आहे, आजचा नाही.

रविवारी मोकळा आहे. शिशाचा ओळंबा आणि दोरी माझ्याकडे आहे, फिश-फाइंडरवर माझा विश्वास नाही. मावसभावाला विचार, होडी आहे का.